हा नियम नक्की कुणाला भोवतो?

सर फँग कुणालाच आवरेना. १९७० च्या दशकाची सुरुवात होती आणि जागा होती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सेंट पॉल शहर. डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण आई-वडिलांच्या घराच्या तळघरात मित्रांना जमवून एक नवाच खेळ खेळवत होता. ब्लॅकमूर नावाचं काल्पनिक राज्य, त्यात एक किल्ला आणि किल्ल्याखाली भुयारांचं जाळं. प्रत्येक मित्राने त्या जगातलं एकेक पात्र व्हायचं आणि बाकीचं सगळं जग आर्नेसनने चालवायचं. खेळता खेळता एका मित्राचं पात्र व्हॅम्पायर झालं. तोच हा सर फँग. तो इतका बलाढ्य होत गेला की बाकीच्यांचा त्याच्यापुढे टिकाव लागेना.

आर्नेसनला त्याची ताकद एका फटक्यात छाटता आली असती. खेळ त्याचा होता आणि नियमही त्याचेच होते. पण त्याने तसं केलं नाही. व्हॅम्पायरला भारी पडेल असा एक धर्मगुरू त्याने दुसऱ्या मित्राच्या हाती दिला. आज जगभरचे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारे ज्याला क्लेरिक म्हणतात, जो भुताखेतांना पिटाळतो आणि जखमी साथीदारांना उभं करतो, तो असा एका घरच्या खेळाचा तोल सावरायला जन्माला आला.

मी पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि रविवारी दुपारी माझ्या घरी हाच खेळ चालवते. घरचे नियम, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बोलण्यातले 'हाउस रूल्स', हा विषय निघाला की दोन टोकाची मतं ऐकू येतात. पुस्तकाबाहेर पाऊल टाकणं म्हणजे लबाडी, असं काहींना वाटतं. खेळ चालवणाऱ्याची मर्जी हाच नियम, असं काही मानतात. मला दोन्ही पटत नाहीत. नियम बदलावेत, खुशाल बदलावेत. मात्र त्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा बदल टेबलावरच्या नक्की कुणाला भोवणार आहे? ज्याला भोवणार, त्याच्यासमोर आणि त्याला विचारूनच तो व्हायला हवा.

खेळ चालतो कसा

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, बोलताना नुसतं डीएम. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी क्लेरिक. पात्राची सगळी माहिती कॅरॅक्टर शीट नावाच्या कागदावर असते. ताकद, चपळाई, बुद्धी, अंगावर काय काय आहे आणि हिट पॉइंट्स किती, म्हणजे किती मार सोसता येईल. डीएम प्रसंग सांगतो आणि विचारतो, "तुम्ही काय करता?" खेळाडू आपल्या पात्राने काय केलं ते सांगतो. जिथे निकाल सरळ दिसत नाही तिथे फासा पडतो. मुख्य फासा वीस बाजूंचा.

समजा चोराला निसरडी भिंत चढायची आहे. डीएम म्हणतो, पंधरा लागतील. चोराच्या अंगच्या कसबाचे तीन गुण त्यात मिळतात, म्हणजे फाशावर बारा किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी नऊ आकडे त्याच्या बाजूचे. शंभरातल्या पंचेचाळीस वेळा तो वर पोचेल. डीएमने पंधराऐवजी अठरा सांगितले की हेच प्रमाण शंभरात तीसवर येतं. एका वाक्याने एवढा फरक पडतो.

बुद्धिबळात समोरचा आपल्याला हरवायला बसलेला असतो आणि दोघांच्या सोंगट्या सारख्या असतात. इथे तसं नाही. डीएम हा प्रतिस्पर्धी नव्हे. त्याने ठरवलं तर पुढच्या वळणावर शंभर ड्रॅगन उभे राहू शकतात, आणि ठरवलं तर एकही नाही. खेळ किती अवघड असावा हे दर आठवड्याला एक माणूस ठरवतो आणि बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवून खेळतात. खेळाचा तोल हा विषय म्हणूनच मला मोलाचा वाटतो.

नियम घरातच जन्मले

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून त्याच्या पहिल्या एक हजार प्रती निघाल्या. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर. नियम इतके त्रोटक होते की लढाईसाठी 'चेनमेल' या १९७१ च्या वेगळ्याच पुस्तिकेचा आधार सांगितला होता आणि रानावनातल्या प्रवासासाठी दुसऱ्या एका कंपनीच्या बोर्डगेमचा पट. मधल्या जागा ज्याने त्याने आपापल्या घरी भरायच्या होत्या, आणि लोकांनी त्या भरल्या.

हिट पॉइंट्सचंच बघा. आर्नेसनच्या मित्रांना आपलं जिवापाड जपलेलं पात्र एका घावात मेलेलं सहन होईना. जहाजांच्या लढाईच्या त्याच्या जुन्या खेळात जहाज बुडण्याआधी किती मार खातं याचा हिशोब ठेवत. तोच हिशोब त्याने माणसांना लावला. चोर हे पात्रही मूळ खोक्यात नव्हतं. कॅलिफोर्नियात सँटा मोनिका इथल्या एरो हॉबीज या दुकानात खेळणाऱ्या मंडळींनी ते रचलं, गायगॅक्सला फोनवर सांगितलं आणि १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत ते छापून आलं. त्याच वर्षी लॉस अँजेलिसमध्ये ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं हौशी नियतकालिक सुरू केलं. खेळणाऱ्यांनी आपापली पानं लिहून पाठवायची आणि त्यात एकमेकांच्या घरच्या नियमांची चिरफाड व्हायची.

काहींचे घरचे नियम तर इतके वाढले की त्यांचा वेगळाच खेळ झाला. फिनिक्स शहरातल्या केन सेंट आंद्रे यांना मूळ पुस्तिका फार किचकट वाटल्या. त्यांनी साध्या सहा बाजूंच्या फाशांवर १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. स्टीव्ह पेरिन यांनी आपले लढाईचे नियम १९७६ मध्ये लोकांत वाटले आणि दोन वर्षांनी त्यांचा 'रूनक्वेस्ट' आला.

आपल्याकडे मेंढीकोटचा डाव मांडताना बंद हुकूम की कट हुकूम हे पानं वाटायच्या आधी विचारून घेतात. हुकूम कसा ठरतो यावर कुठल्या हाताला जोर येणार हे ठरतं, म्हणून आधी विचारायचं. घरच्या नियमांबद्दल माझं सगळं म्हणणं या रिवाजात आहे: आधी, उघड आणि सगळ्यांना विचारून.

अवघडपणाचा आकडा

राक्षस किती अवघड हे मोजायची सोय खेळाच्या कर्त्यांनीही पुढे केली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला चॅलेंज रेटिंग नावाचा आकडा मिळाला. आकडा तीन असेल तर तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे थोडाफार अनुभव गाठीशी असलेल्या, चार नायकांना (खेळाडूंच्या पात्रांना) तो राक्षस बेताचा अवघड. त्याला मारताना त्यांच्याजवळची औषधं, मंत्र आणि हिट पॉइंट्स यांचा साधारण पाचवा हिस्सा खर्च व्हावा, हा अंदाज.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हे गणित आणखी बारकाईने मांडलं. प्रत्येक राक्षसाला गुण, नायकांच्या पातळीप्रमाणे सोप्या, मध्यम, कठीण आणि प्राणघातक चकमकीच्या मर्यादा, आणि राक्षस एकापेक्षा जास्त असतील तर गुणांच्या बेरजेला एक गुणक. दोन असतील तर दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट, सात ते दहा असतील तर अडीचपट. एक ओगर, म्हणजे साडेचारशे गुणांचा धिप्पाड राक्षस, तिसऱ्या पातळीच्या चार नायकांपुढे उभा केला तर चकमक सोप्यात मोडते. आठ गॉब्लिन, म्हणजे पन्नास गुणांचे किडकिडीत चोरटे, उभे केले तर बेरीज चारशेच होते, ओगरपेक्षा कमी. पण अडीचपट केल्यावर हजार होतात आणि चकमक कठीण ठरते. कारण साधं आहे. ओगरला एका फेरीत एकच वार करता येतो. आठ जणांना आठ वार करता येतात, आणि त्यातले चार मेले तरी चार उरतात. कुणाच्या वाट्याला किती चाली येतात, यावर या खेळातली लढाई ठरते.

हे गणित किती खरं ठरतं याचा उत्तम नमुना त्या वर्षीच्या स्टार्टर सेटमध्येच आहे. त्यातली 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर' ही मोहीम जगभरच्या असंख्य खेळाडूंची पहिली मोहीम ठरली. नवखे नायक गाडी घेऊन निघालेत आणि वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण रुतलेले. झुडपांत चार गॉब्लिन दबा धरून बसले आहेत. दोघं धावून येतात, दोघं लांबून बाण सोडतात. आता पहिल्या पातळीच्या चार नायकांसाठी पुस्तकातलाच हिशोब करा. चार गॉब्लिनचे दोनशे गुण, दुप्पट केले की चारशे. या नायकांची प्राणघातक चकमकीची मर्यादाही बरोबर चारशेच आहे! नवख्या जादूगाराचे हिट पॉइंट्स सहा-आठ असतात आणि गॉब्लिनचा एक वार तीन ते आठ घेऊन जातो. मोहिमेतली पहिलीच लढाई पुस्तकाच्याच मापाने जिवावरची आहे.

तरीही ती मोहीम मला आवडते, कारण लिहिणाऱ्यांनी तिथे एक शहाणपणाची तरतूद केली आहे. नायक हरले तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, लुटून, आपल्या बिळाकडे निघून जातात. गोष्ट तिथे संपत नाही. नायक शुद्धीवर येतात आणि चोरीला गेलेलं सामान शोधायचं नवं कारण त्यांना मिळतं. लढाई किती अवघड आहे हा एक प्रश्न आणि हरलो तर काय गमावतो हा वेगळाच प्रश्न. नवा डीएम पहिल्यावर सगळी शक्ती घालवतो. माझ्या मते दुसरा प्रश्न आधी सोडवावा. हरण्याची किंमत सोसण्याजोगी असेल तर लढाई बिनधास्त अवघड ठेवता येते.

२०२४ च्या सुधारित नियमांत तो गुणक काढून टाकला आणि हिशोब सुटसुटीत केला. आकडे बदलत राहतील. समोर कोण बसलंय हे आकड्यांना कधीच कळणार नाही. माझ्या टेबलावर बँकेत काम करणारी मैत्रीण योद्धा खेळते, भाचा जादूगार, एक दंतवैद्य क्लेरिक आणि माझा जुना विद्यार्थी चोर. हे चौघं वाट अडवलेली दिसली की आधी झाडावर चढून टेहळणी करतात. घोड्यांपाशी सरळ चालत जाणाऱ्या चौघांना जी चकमक प्राणघातक, ती यांना मध्यम.

फासा हातातून निसटतो तेव्हा

आता एक घरचा नियम जवळून पाहू. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की हल्ला फसतो, एवढंच पुस्तक म्हणतं. पुष्कळ टेबलांवर त्याला जोड देतात: एक पडला की तलवार हातातून निसटते, किंवा वार मित्राला लागतो. ऐकायला मजेदार आहे. आमच्याकडेही चोर खेळणाऱ्याने हा नियम सुचवला, तेव्हा मी फळा काढला.

एका हल्ल्यात एक पडण्याची शक्यता शंभरात पाच. पहिल्या पातळीचा योद्धा एका फेरीत एकच हल्ला करतो. पाचव्या पातळीला तो तरबेज होऊन दोन करतो. दोनपैकी निदान एकदा तरी एक पडण्याची शक्यता जवळजवळ दहा टक्के. अकराव्या पातळीला तीन हल्ले, चौदा टक्क्यांच्या वर. विसाव्या पातळीला, म्हणजे त्या जगातला सर्वश्रेष्ठ खड्गवीर झाल्यावर, चार हल्ले आणि साडेअठरा टक्के. शिकाऊ असताना वीस फेऱ्यांत एकदा तलवार पडायची, उस्ताद झाल्यावर पाच-सहा फेऱ्यांत एकदा पडणार. आणि जादूगार? तो अग्निगोळा टाकतो तेव्हा स्वतः हल्ल्याचा फासा टाकतच नाही, शत्रूंना स्वतःला वाचवायला फासे टाकावे लागतात. तिथे त्याला हा नियम शिवतही नाही.

"म्हणजे हा नियम फक्त माझ्यासाठी आहे," मैत्रीण म्हणाली. ते अगदी बरोबर होतं.

यात आणखी एक गोम आहे. नियम राक्षसांनाही लावला की न्याय झाला, असं वाटतं. पण गॉब्लिन टेबलावर दोन-तीन फेऱ्या जगतो आणि मरतो. त्याची तलवार पडली काय, राहिली काय. नायक मात्र वर्ष-दोन वर्षं दर रविवारी फासे टाकत असतो. नशिबाचा वाटा वाढवणारा प्रत्येक नियम शेवटी नायकांच्याच मुळावर येतो, कारण सर्वांत जास्त फासे तेच टाकतात. आम्ही तो नियम घेतला नाही.

सगळे बदल असे एकाच्या माथी बसत नाहीत. २०१४ च्या नियमांत औषधाची कुपी प्यायला आख्खी चाल खर्च व्हायची. जेमतेम सात हिट पॉइंट्स परत मिळवण्यासाठी तलवार खाली ठेवून उभं राहायला कुणी तयार नसे. मग कुप्या पिशवीत तशाच राहत. असंख्य टेबलांनी घरच्या घरी ठरवलं की कुपी छोट्या चालीत, हल्ल्याच्या जोडीला पिता यावी. कुणाचं काही जात नव्हतं, सगळ्यांना थोडा दिलासा मिळत होता. २०२४ च्या पुस्तकात तोच अधिकृत नियम झाला आहे.

काही नियम तर गणिताला हात न लावता नुसती धाकधूक वाढवतात. हिट पॉइंट्स संपून पडलेला नायक दर फेरीला एक फासा टाकतो. दहा किंवा जास्त पडले तर यश. तीन यशं मिळाली की तो तगतो, तीन अपयशं आली की मरतो. कुणीच मदतीला धावलं नाही तरी वाचण्याची शक्यता शंभरात साधारण साठ. आमच्याकडे हा फासा त्या पात्राचा खेळाडू आणि मी, दोघंच पाहतो. शक्यता तीच राहते. पण मित्राच्या किती घटका उरल्यात हे इतरांना ठाऊक नसल्यामुळे ते लगेच धावतात.

जादूगाराची रात्रीची झोप

एक नियम आम्ही पुष्कळ चर्चा करून बदलला. खेळात रात्रभर झोप घेतली की हिट पॉइंट्स भरून येतात आणि जादूगाराचे खर्च झालेले मंत्रही परत मिळतात. २०१४ चं पुस्तक असं धरून चालतं की अशा दोन झोपांच्या मध्ये मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील. रविवारच्या एका दुपारी दोन चकमकी झाल्या तरी पुष्कळ, आणि गोष्टीतला दिवसही तेवढ्यातच मावळतो. त्यामुळे पाचव्या पातळीचा जादूगार आपले दोन्ही अग्निगोळे पहिल्याच लढाईत टाकून मोकळा होई. एका गोळ्याला आठ फासे, सरासरी अठ्ठावीसचा मार, तोही एकदम सगळ्या शत्रूंना. योद्ध्याला तलवार उपसायचीही गरज उरत नसे.

उपाय मी सुचवला: पूर्ण झोप फक्त सुरक्षित जागी. गाव, गढी, देऊळ. रानात रात्र काढली तर ती थोडक्या विश्रांतीत धरायची. हा नियम कुणाला भोवतो ते उघड होतं. म्हणून मी आधी भाच्याशीच बोलले.

तो म्हणाला, "मावशी, चालेल. पण मग निघायच्या आधी कळायला हवं की पुढचं गाव किती दिवसांवर आहे. नाहीतर मी काय जपून ठेवायचं ते ठरवू कसा?"

त्याची अट रास्त होती आणि तिने माझा नियम सुधारला. आता प्रत्येक मोहिमेआधी ते वाटाड्याला गाठतात, नकाशा मिळवतात, मुक्काम ठरवतात. भाचा अग्निगोळा राखून ठेवतो आणि तो टाकतो तेव्हा चौघंही खुर्चीतून उठतात. मैत्रिणीच्या योद्ध्याला करण्यासारखं काम पुन्हा मिळालं. ज्याचं जाणार होतं त्याला विचारल्यामुळे खेळात अवघडपणाबरोबर विचारही वाढला.

फासे उघड्यावर

पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकून, गरज वाटली तर निकाल गुपचूप बदलायची डीएमला मुभा आहे, असं २०१४ चं मार्गदर्शक पुस्तक स्वतःच सांगतं. पुष्कळ चांगले डीएम ते मायेपोटी करतात. एखाद्याचं आवडतं पात्र वाईट फाशापायी मरू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. मी मात्र माझे फासे सगळ्यांसमोर टाकते आणि ते मला तत्त्वाचं वाटतं. मी गुपचूप वाचवणार असेन तर झाडावर चढून केलेली टेहळणी, जपून ठेवलेला मंत्र, वेळेवर घेतलेली माघार, या कशालाच अर्थ उरत नाही. निर्णय त्यांचा आणि निकाल माझा, असं होतं. हाही एक घरचा नियमच, फक्त कुणालाही न सांगता लावलेला, आणि म्हणून मला तो सर्वांत अन्यायाचा वाटतो.

मग लढाई हाताबाहेर गेली तर? फाशाला हात लावायचा नाही, शत्रूच्या मनात डोकवायचं. यासाठी मी १९८१ च्या बेसिक संचातला धीराचा नियम उचलला आहे. प्रत्येक राक्षसाला दोन ते बारापर्यंत धीराचा एक आकडा. त्यांच्यातला पहिला पडला की आणि निम्मे गारद झाले की डीएम सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. बेरीज आकड्याच्या वर गेली की ते पळ काढतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचा धीर सात. छत्तीसपैकी पंधरा वेळा ते पहिल्याच तपासणीत पाय लावून पळतात. हा नियम टेबलावर लिहिलेला आहे, फासे उघडे आहेत आणि त्यामुळे खेळाडूंना नवं काही करता येतं. आधी म्होरक्याला पाडा, धमकी द्या, शरण आलेल्याला बोलतं करा. कुणालाही न फसवता लढाई सोपी होते.

अवघड खेळाला माझा विरोध नाही. गायगॅक्सने १९७५ च्या ओरिजिन्स या संमेलनातल्या स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' रचली, ती १९७८ मध्ये छापून आली आणि आजही कर्दनकाळ मोहीम म्हणून तिचा लौकिक आहे. तिथल्या एका भिंतीवर सैतानाचा हिरवा चेहरा आहे. त्याच्या उघड्या तोंडात जो शिरतो तो कायमचा नाहीसा होतो, फासा टाकायची संधीही मिळत नाही. मुरलेल्या खेळाडूंचा कस पाहण्यासाठी ती रचली होती. जे ठरवून, माहीत असून तिथे उतरतात त्यांना ती आयुष्यभर आठवते. तीच मोहीम गोष्ट रंगवायला आलेल्या नवख्यांवर न सांगता लादली तर त्यांचा विश्वासघात होतो.

सुरुवात करणाऱ्यांना

मोहीम सुरू होण्याआधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवावी. खेळणारे तिला सेशन झीरो म्हणतात. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकात तिच्यावर स्वतंत्र मजकूर आहे. मृत्यू खराखुरा असेल का, फासे कोण पाहणार, कुणाला कोणते विषय टेबलावर नकोत, हे तिथे ठरतं. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रुजवलेलं एक्स कार्डही आम्ही टेबलाच्या मध्ये ठेवतो. कुणालाही प्रसंग नकोसा झाला तर कार्डाला बोट लावायचं, कारण न विचारता प्रसंग बदलतो. खेळ किती अवघड असावा याचा हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. राक्षस अवघड असावा, टेबलावर बसणं अवघड होऊ नये.

घरचा नियम करायचा तर तो एका वाक्यात लिहून सगळ्यांना दिसेल असा ठेवा. लिहिताना अडखळलात तर नियम अजून पक्का झालेला नाही. एक मोहीम संपेपर्यंतच लागू करा आणि शेवटी ठेवायचा की काढायचा हे विचारा. लढाई ऐन रंगात असताना नियम बदलू नका. शंका आली तर त्या वेळी खेळाडूच्या बाजूने निकाल द्या आणि वाद खेळ संपल्यावर सोडवा.

पुस्तकं महाग आहेत ही अडचण आता आड येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन ते कुणीही वापरावेत, बदलावेत, भाषांतर करावेत, छापावेत, विकावेत. मराठीत हे नियम लिहायला आता कायद्याची कसलीच आडकाठी नाही, आणि मला ते मनापासून हवं आहे. मराठीतला संच निघाला तर त्यात डोंगरवाटा, घाटमाथे, समुद्री गड येतील, त्यांचे स्वतःचे राक्षस येतील आणि त्यांच्यासाठी नवे नियम करावेच लागतील.

ते करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. प्रत्येक नव्या नियमासमोर टेबलावरच्या प्रत्येक पात्राचं नाव लिहा आणि त्याच्यापुढे लिहा, यात त्याला काय मिळतं आणि त्याचं काय जातं. ज्या नावापुढे नुसतं नुकसान उरेल, त्या खेळाडूला फोन करा. त्याचं ऐकल्याशिवाय तो नियम छापू नका.